चार फुटांची जागा नसेल तर हे मासे आणू नका

मंडळी, इंदुरात हल्ली वास्तूसाठी म्हणून दीड-दोन फुटी टाकीत आफ्रिकन सिक्लिड सोडतात. मला हे पटत नाही. मलावी सरोवरातले हे मासे हद्दीसाठी भांडणारे. टाकी निदान ४ फुटी, दगडांच्या कपारी भरपूर, नि एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. नाहीतर दुबळा मासा कोपऱ्यात मार खाऊन मरतो. पाण्याची मात्र काळजी नको. आमच्या बोरिंगच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, पण यांना तेच मानवतं! आणि मादी? अंडी-पिल्लं तोंडात धरून साधारण ३ आठवडे जवळजवळ उपाशी राहते बिचारी. तिला दीड फुटात कोंडायचं? नातवंडांना नुसते रंगच दाखवायचेत तर गप्पी आणा.