बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस

गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी प्रकरणातल्या मुख्य साक्षीदार तरुणीने दोनदा जबाब फिरवला. आधी वडोद्यात, मग मुंबईतल्या फेरसुनावणीत. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला वर्षभराची कैद सुनावली. खोटी साक्ष हा गुन्हाच आहे, शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. पण 1 मार्च 2002 च्या रात्री वडोद्यातल्या या बेकरीवर झालेल्या हल्ल्यात 14 माणसं गेली, वडोद्याच्या कोर्टात 21 च्या 21 आरोपी सुटले आणि तिला फिरायला लावणाऱ्यांचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही.

जिल्हा न्यायालयात मी सरकारी वकील होतो. फितूर साक्षीदार म्हणजे विकला गेलेला माणूस, हे मला मान्य नाही. खुनाचा साक्षीदार बहुतेक वेळा आरोपीच्याच आळीत राहतो. घटनेनंतर चार-पाच वर्षांनी त्याला समन्स मिळतं. मजुरी बुडवून तो सकाळच्या एसटीने येतो. व्हरांड्यात बाकडं एकच. एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला आरोपीचा भाऊ. धमकी कुणी देत नाही. ‘पोरगी कितवीला आहे रे आता?’ एवढंच विचारलं जातं. दुपारी पुकारा होतो आणि पिंजऱ्यात उभा राहून तो सांगतो, ‘मी काही पाहिलं नाही. पोलिसांनी काय लिहिलं, मला वाचून दाखवलं नाही.’ पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत, त्यामुळे हात झटकणं सोपं जातं.

जो फिरत नाही, त्याचेही हाल होतात. कुऱ्हाड उजव्या हातात होती की डाव्या, हे इतक्या वर्षांनी त्याला आठवत नाही आणि उलटतपासणीत तो खोटा ठरतो.

मुंबईच्या फेरसुनावणीत बेकरीतल्या जखमी कामगारांनी मात्र आरोपी ओळखले. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने चौघांची जन्मठेप कायम ठेवली. मुख्य साक्षीदार फिरूनही ही केस इथवर टिकली, यात खटला वडोद्याबाहेर काढण्याच्या निर्णयाचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

प्रत्येक खटला असा दुसऱ्या राज्यात हलवता येणार नाही. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 प्रमाणे, दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी साक्षीदार समोर आणला, तर दंडाधिकाऱ्याला त्याचा जबाब नोंदवावाच लागतो. तेव्हा खुनाच्या प्रत्येक प्रकरणात तपासी अंमलदाराने प्रत्यक्षदर्शीला आठवड्याच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेलं पाहिजे. त्या जबाबाने खटला सिद्ध होत नाही, हे खरं. पण पुढे साक्षीदार फिरला, तर ‘मी असं बोललोच नाही’ म्हणणं त्याला जड जाईल. कलम 398 ने साक्षीदार संरक्षण योजनेची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली आहे. त्यासाठी पैसा नाही, असं कुणी सांगू नये. निदान प्रत्येक सत्र न्यायालयात साक्षीदारांना बसायला दार लावता येईल अशी वेगळी खोली द्या आणि दाराशी एक पोलीस ठेवा.