रुग्णकेंद्री प्राथमिक चिकित्सा : प्रशिक्षण कशाचे हवे?

वैद्यकव्यवसायातील प्रशिक्षणाचा विषय निघाला की एक ठराविक चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. रविवारचे चर्चासत्र, धन्वंतरिपूजन, दीपप्रज्वलन, सभागृहाबाहेर औषधी कंपन्यांची मांडणी, दोन व्याख्याने, भोजन आणि अखेरीस प्रमाणपत्र. अशा चर्चासत्रांस आमचा विरोध नाही. तेथे नव्या कल्पांची माहिती मिळते, समव्यवसायी बंधुभगिनींच्या भेटी होतात. तथापि या साऱ्या खटाटोपात चर्चा होते ती मुख्यत्वे द्रव्याची. ज्याच्यासाठी द्रव्य योजावयाचे तो रुग्ण काय सांगतो, काय सांगावयाचे टाळतो, दिलेले औषध घेतो की नाही आणि आपल्याकडून गेल्यावर त्याचे पुढे काय होते, यांविषयीचे प्रशिक्षण मात्र क्वचितच कोणाच्या वाट्यास येते. ही उणीव भरून काढण्याची साधने भंडारा जिल्ह्यातील वैद्य व औषधालयचालक यांच्या हाताशीच आहेत, असे आमचे प्रतिपादन आहे.

‘रुग्णकेंद्री प्राथमिक सेवा’ हा शब्दप्रयोग नवा वाटला तरी त्यामागील विचार आपणांस परका नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. रोगी हा चिकित्सेचा विषय नसून तिचा एक पाद आहे, ही दृष्टी त्या काळी मांडली गेली. रोग्याच्या अंगी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे चार गुण असावेत, असेही त्यांनी म्हटले. यांपैकी ज्ञापकत्व म्हणजे आपल्या रोगाची हकीकत वैद्यास नीट सांगता येणे. आपण हा गुण परीक्षेपुरता पाठ केला आणि तो रुग्णाने घरूनच घेऊन यावा, अशी अपेक्षा धरून बसलो. वस्तुतः रुग्ण किती सांगतो हे पुष्कळ अंशी वैद्य काय विचारतो आणि किती वेळ ऐकतो, यावर ठरते. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत प्रश्नपरीक्षेस समान स्थान आहे; परंतु गर्दीच्या वेळी सर्वांत आधी काटछाट होते ती तिचीच.

या काटछाटीची किंमत किती मोठी असू शकते, हे समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एका आजाराचा विचार करू. सिकलसेल विदर्भाला नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा नागपूरच्या संशोधकांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा आनुवंशिक विकार अनेक समाजांत आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या रचनेत एक लहानसा फरक असतो. प्राणवायूची कमतरता, शरीरातील पाण्याचा ऱ्हास, थंडी वा ज्वर यांमुळे रक्तपेशी कोयत्याच्या पात्यासारख्या वाकड्या होतात, सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना निर्माण करतात. त्या पेशी लवकर फुटत असल्याने रक्त कमी राहते आणि डोळे पिवळसर दिसतात.

आता हाच रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा काय घडते ते पाहावे. रोवणीचे दिवस आहेत. एक तरुण स्त्री दिवसभर पावसात भिजत, बांधीतल्या गार पाण्यात उभी राहून पऱ्हे लावते. रात्री तिचे हातपाय आणि सांधे ठणकू लागतात. एका वैद्यास ती आमवाताची रुग्ण वाटते आणि तो लंघन व स्वेदन सांगतो. महिनाभराने दुसऱ्या गावी डोळ्यांतील पिवळेपणा पाहून कामलेचे निदान होते आणि शास्त्रोक्त म्हणून विरेचन दिले जाते. पुढे तिसरे वैद्य फिकटपणा पाहून पांडू ठरवतात आणि पुनर्नवा मंडूर वा नवायस लोह योजतात. प्रत्येकाची योजना त्या त्या निदानापुरती ग्रंथास धरून आहे. परंतु लंघन, स्वेदन आणि विरेचन यांनी शरीरातील पाणी कमी झाल्यास सिकलसेलच्या रुग्णास वेदनेचा तीव्र झटका येऊ शकतो. रक्त फुटून कमी होत असेल तेथे लोहाची उणीव असेलच असे नाही; वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच साचलेले असू शकते. काही रुग्णांत लोहाची उणीवही आढळते, म्हणूनच तपासणीवाचून निर्णय करणे योग्य नव्हे.

उदाहरण कल्पित आहे, पण अशक्य कोटीतील नाही. या तिन्ही वैद्यांकडे द्रव्यज्ञानाची कमतरता नव्हती. कमतरता होती ती तीन साध्या प्रश्नांची : घरात कोणास सिकलसेल आहे काय? यापूर्वी रक्त चढविले होते काय? सध्या दुसऱ्या कोणाचे औषध चालू आहे काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. सिकलसेलचे अनेक रुग्ण शासकीय रुग्णालयातून हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड घेत असतात. वैद्य रागावतील या भीतीने ते ही गोष्ट आपल्यापासून लपवितात, आणि आपले औषध चालू असल्याची गोष्ट तेथील डॉक्टरांपासून लपवितात. दोन्ही ठिकाणी अर्धीच हकीकत पोहोचते. ज्याला घाबरून बोलावे लागते, त्याच्याकडून अभीरुत्व आणि ज्ञापकत्व यांची अपेक्षा कशी करावी?

म्हणून प्रशिक्षण हवे ते प्रथम विचारण्याचे आणि लिहून ठेवण्याचे. प्रत्येक रुग्णासाठी एका पानाची नोंद पुरेशी आहे : मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत, पूर्वीचे आजार व कुटुंबवृत्त, चालू असलेली सर्व औषधे, आपले निदान व योजना, आणि पुनर्भेटीचा दिनांक. याची एक प्रत रुग्णाच्या हाती द्यावी, म्हणजे तो गाव बदलला तरी त्याची हकीकत त्याच्याबरोबर जाईल. निदानाच्या परिभाषेत एकवाक्यता यावी म्हणून आयुष मंत्रालयाने २०१७ साली ‘नमस्ते’ ही प्रमाणित संज्ञा व संकेतांकांची व्यवस्था सुरू केली. ती वापरता आल्यास उत्तमच. परंतु साध्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलेली नोंदही रुग्णाच्या तितक्याच उपयोगी पडते.

दुसरे प्रशिक्षण हवे ते पुढे पाठविण्याचे. कोणता रुग्ण आपल्याकडे ठेवावयाचा आणि कोणता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावयाचा, हे प्रत्येक प्राथमिक चिकित्सकास निःसंदिग्धपणे माहीत असले पाहिजे. सिकलसेलच्या बालकास तीव्र ज्वर येणे, पोटाच्या डाव्या बाजूस एकाएकी सूज व गाठ जाणवणे, छातीत दुखून श्वास लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, या लक्षणांत एक तासही दवडणे धोक्याचे आहे. रुग्ण पाठविताना ‘मोठ्या दवाखान्यात जा’ एवढे तोंडी सांगणे पुरेसे नाही. आपण काय पाहिले, कोणते औषध दिले आणि शंका कशाची आहे, हे चार ओळींत लिहून द्यावे. त्यात कमीपणा कसला? असाध्यतेचा आणि स्वतःच्या मर्यादेचा विचार करणाऱ्या वैद्यास आपल्या शास्त्राने प्राज्ञच मानले आहे.

आज हे पूर्वीपेक्षा सोपेही झाले आहे. २०१८ पासून उपकेंद्रांच्या पातळीवर आरोग्यवर्धिनी केंद्रे उभी राहिली. २०२३ मध्ये त्यांस ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात तेथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्यांत आपल्याच विद्याशाखेचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. त्याच वर्षी १ जुलै रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला आणि तपासणीचे काम गावपातळीवर पोहोचले. खासगी वैद्याने संशयित रुग्णास चिठ्ठी देऊन जवळच्या केंद्रात पाठवावे आणि तेथील अधिकाऱ्याने निष्कर्ष चिठ्ठीच्याच पाठीवर कळवावा, एवढी व्यवस्था दोन वर्गबंधूंमध्ये होऊ नये असे काही नाही. १९७८ च्या अल्मा-आटा घोषणापत्राने पारंपरिक चिकित्सकांनी योग्य प्रशिक्षण घेऊन आरोग्यसंघाचे घटक म्हणून काम करावे, अशी कल्पना मांडली होती. तिचे प्रत्यक्ष रूप बहुधा अशा चिठ्ठीतच दिसेल.

औषधालयचालक बंधूंचा विचार या संदर्भात सहसा होत नाही. पण खेड्यातील पुष्कळ रुग्णांचा पहिला सल्लागार औषधालयाच्या गल्ल्यावरच बसलेला असतो. ‘रक्त वाढवायचे काहीतरी द्या’ ही मागणी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही. म्हणूनच विक्रेत्याची नैतिक जबाबदारी अधिक आहे. अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. परंतु डब्यातून काढून पुडीत बांधलेल्या गोळ्यांबरोबर ती सूचना जात नाही. पुडीवर औषधाचे नाव, मात्रा, अनुपान आणि दिनांक लिहिण्याची सवय लागली, तर रुग्णाच्या पुढील चिकित्सकास ते औषध ओळखता येईल. लोहकल्प मागणाऱ्यास सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, एवढे विचारावे. वैद्याने लिहिलेला कल्प उपलब्ध नसल्यास दुसरा परस्पर देऊ नये. आणि औषधाने काही विपरीत घडल्याची शंका आल्यास ती वैद्यास कळवावी, म्हणजे त्यास ती आयुष औषधांच्या सुरक्षानिरीक्षण यंत्रणेकडे नोंदविता येईल. आयुर्वेदीय औषधांसाठी असे निरीक्षण २००८ पासून सुरू झाले असून त्याचा छापील नमुना उपलब्ध आहे. वापर करणारे हात हवेत.

हे सारे शिकावयाचे कोठे? वर्षातून एकदा होणाऱ्या व्याख्यानाने सवयी बदलत नाहीत. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात सामान्य चिकित्सकांचे छोटे गट जमविले. प्रत्येक बैठकीत एक चिकित्सक आपल्या एका रुग्णाची हकीकत मांडी आणि इतर त्यावर विचार करीत. स्वतः चिकित्सकाचाही रुग्णावर औषधासारखा परिणाम होतो आणि त्याचीही मात्रा चुकू शकते, हा त्यांच्या १९५७ च्या ग्रंथाचा गाभा आहे. आपल्या राज्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले, तेही नियमित भेटी आणि गावातील प्रत्यक्ष अनुभवांची देवाणघेवाण याच मार्गाने. आपल्या विमानस्थानात तर या पद्धतीस नावही आहे : तद्विद्यसंभाषा, आणि तीही संधाय, म्हणजे जिंकण्याच्या ईर्ष्येवाचून, स्नेहभावाने केलेली.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला वेळेचा. एका रुग्णामागे पाच मिनिटे वाढली तर व्यवसाय कसा चालावा? यास आमचे उत्तर असे की, ज्याची हकीकत लिहिलेली आहे त्या रुग्णाच्या पुढील प्रत्येक भेटीत वेळ वाचतो, आणि ज्याचे ऐकून घेतले गेले तो रुग्ण दवाखाने बदलत हिंडत नाही. दुसरा आक्षेप असा की, ही परक्या शास्त्राची कारकुनी आहे. नाडी जाणणाऱ्यास कागदाची गरज काय? नाडीचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु आजीच्या घराण्यात कोण अल्पवयात दगावले आणि मागील महिन्यात कोणत्या रुग्णालयात रक्त चढविले, हे नाडी सांगत नाही. ते रुग्णासच सांगावे लागते.

सुमारे १२ लाख लोकवस्तीच्या या जिल्ह्यात पाचांपैकी चार जण खेड्यांत राहतात. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत महिन्यातून एकदा, दवाखाने बंद झाल्यावर दीड तास, वैद्य आणि औषधालयचालक यांनी एकत्र बसावे. नाव-गाव न सांगता एका रुग्णाची हकीकत मांडावी; विशेषतः ज्याचे निदान लागले नाही किंवा जो अर्ध्यातून निघून गेला अशा रुग्णाची. त्या भागातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनाही बोलवावे. प्रायोजक नको, हारतुरे नकोत, प्रमाणपत्रही नको. संघटनेने एका पानाचे नोंदपत्र आणि संदर्भचिठ्ठी यांचे नमुने छापून सर्व सभासदांस द्यावेत. येत्या रोवणीपूर्वी निदान पहिली बैठक प्रत्येक तालुक्यात व्हावी, कारण बांधीत पाणी चढले की वेदनेने तळमळणारे ते रुग्ण आपल्याच दारी येणार आहेत. तेव्हा त्यांना काय विचारावयाचे, हे आपले आधीच ठरलेले असावे.