पाने घेतली, पण जेवण कुठे?

लुई बुन्युएल हे नाव निघाले की सिनेमाचा शौक असलेली मंडळी हटकून डोळ्याची गोष्ट सांगू लागतात. एक माणूस वस्तऱ्याला धार लावतो, आकाशात चंद्रावरून ढगाची चिंधी सरकते, आणि तो वस्तरा पडद्यावर सरळ एका बाईच्या डोळ्यातून फिरतो. प्रत्यक्षात तो डोळा मेलेल्या वासराचा होता, असा खुलासाही मागाहून येतो; पण तोवर ऐकणाऱ्याच्या हातातली चकली हातातच राहिलेली असते. "नको रे बाबा तुमचा तो अतिवास्तववाद!" असे म्हणून घरातली माणसे उठतात, आणि बुन्युएल आपल्या घरात शिरता शिरता राहतो.

ही मोठी चुटपुट लावणारी गोष्ट आहे. कारण सुमारे ३२ चित्रपट काढणाऱ्या या स्पॅनिश गृहस्थाचा खरा विषय वस्तरा नव्हेच. त्याचा विषय दिवाणखाना! पाहुणे, पंगत, रीतभात, 'लोक काय म्हणतील' आणि 'आपण किती चांगले' – म्हणजे थेट तुमचा-आमचाच. त्याचे मिळतील तेवढे चित्रपट पाहिल्यावर माझे तरी मत असे झाले आहे की, तो डोळ्याचा चित्रपट हे त्याचे सगळ्यांत गाजलेले काम असेल, पण सगळ्यांत मोठे खासच नव्हे.

बुन्युएल १९०० साली आरागॉन प्रांतातल्या कालांदा या गावी जन्मला. शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झाले. पुढे माद्रिदच्या विद्यार्थिगृहात कवी लोर्का आणि चित्रकार दाली यांच्याशी गट्टी जमली. दालीला स्वप्नात हातावर मुंग्या दिसल्या आणि याला चंद्र चिरणारा ढग. या दोन स्वप्नांच्या भांडवलावर आणि आईने दिलेल्या पैशांवर १९२९ साली पॅरिसमध्ये 'उन् शिएन् आंदालू' तयार झाला. ज्याचा अर्थ लावता येईल असे एकही चित्र त्यात घालायचे नाही, हा दोघांचा करार! पहिल्या खेळाला लोक अंगावर आले तर असावेत म्हणून बुन्युएल खिशात दगड भरून पडद्यामागे उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दगड वाया गेले.

इतर दिग्दर्शक स्वप्न दाखवायचे म्हटले की धूर सोडतात, कॅमेरा वाकडा धरतात, मागे व्हायोलिन रडवतात. बुन्युएलही सुरुवातीला त्यातले थोडेफार करी. पण उत्तरायुष्यात त्याने हे सारे टाकून दिले. भिंतीवरचे कॅलेंडर दाखवावे तितक्या सरळपणे तो स्वप्न दाखवतो. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे जागेपण संपून स्वप्न कधी सुरू झाले हे कळत नाही, आणि कळते तेव्हा माणूस खुर्चीत सावरून बसतो.

१९७२ चा 'बूर्झ्वांचे संयत आकर्षण' घ्या. सहा प्रतिष्ठित माणसांना एकत्र बसून जेवायचे आहे, एवढीच गोष्ट. पण पहिल्यांदा पाहुणे चुकीच्या दिवशी येतात. मग हॉटेलात जावे तर शेजारच्या खोलीत मालकाचे प्रेत ठेवलेले. चहाच्या दुकानात चहा संपलेला, कॉफी संपलेली, दूधही नाही. एकदा तर अख्खी लष्करी तुकडी जेवायला येऊन ठेपते. एकदा पडदा वर जातो आणि कळते की आपण नाटकाच्या रंगमंचावर जेवायला बसलो आहोत, समोर प्रेक्षक आहेत आणि आपले संवाद आपल्याला पाठ नाहीत! लग्नकार्यात नव्या व्याह्यांसमोर बसलेल्या कोणाही भल्या माणसाला ही भीती ओळखीची वाटेल. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. पटकथेतला बुन्युएलचा जोडीदार होता झाँ-क्लोद कारिएर; पुढे १९८५ साली पीटर ब्रुकच्या रंगभूमीवर आपले महाभारत आले, ते याच कारिएरच्या लेखणीतून.

त्याच्या दहा वर्षे आधीचा, मेक्सिकोत काढलेला 'संहारक देवदूत' मला याहूनही सरस वाटतो. ऑपेरा पाहून आलेले पाहुणे एका हवेलीत जेवतात, दिवाणखान्यात गप्पा मारतात, आणि मग कोणालाच तिथून बाहेर पडता येत नाही. दार उघडे आहे, कोणी अडवलेले नाही. पाऊल मात्र उंबऱ्यापलीकडे पडत नाही. दिवसांमागून दिवस जातात. भिंत फोडून नळातले पाणी प्यायची पाळी येते, आणि पहिल्या रात्री अदबीने झुकणारी माणसे एकमेकांच्या नरडीला हात घालतात. आपल्याकडे "बरं, येतो आम्ही" म्हणून दारात अर्धा तास उभे राहणारे पाहुणे असतातच. बुन्युएलने तो अर्धा तास नुसता लांबवला, कारण मात्र शेवटपर्यंत सांगितले नाही. त्याने ते सांगितले असते तर आपण त्या पाहुण्यांना हसून मोकळे झालो असतो.

गरिबांकडे वळला तेव्हाही त्याने आपल्याला असे मोकळे होऊ दिले नाही. १९५० चा 'लॉस ऑल्व्हिदादोस' मेक्सिको शहरातल्या उनाड, टाकलेल्या पोरांचा आहे. सुधारगृहाचा प्रमुख पेद्रो या पोराच्या हातात पैसे देऊन त्याला एकट्याला बाहेर सिगारेटी आणायला पाठवतो. विश्वास टाकला की माणूस सुधारतो, हे आपल्या सर्वांचे लाडके तत्त्व. पोरगा प्रामाणिकपणे निघतोही. पण वाटेत जुना सोबती भेटतो, पैसे हिसकावतो, आणि शेवटी पेद्रोचे प्रेत कचऱ्याच्या ढिगावर जाते. देशाची बदनामी केली म्हणून मेक्सिकोतले लोक खवळले, चित्रपट काही दिवसांतच उतरला. १९५१ साली त्याला कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा तेच लोक पुन्हा पाहायला आले. हा अनुभव काही मेक्सिकोचाच नव्हे.

१९६१ च्या 'व्हिरिदियाना'त एक मुलगी भिकाऱ्यांना घरी आणून सांभाळते आणि तेच भिकारी एका रात्री तिच्या घराची धूळधाण करतात. सेन्सॉरने शेवट बदलायला लावला, तर बुन्युएलने निरुपद्रवी दिसणारा पत्त्यांचा डाव घातला. तो मूळ शेवटापेक्षा अधिक वात्रट निघाला! कानला सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले, व्हॅटिकनचे पत्र संतापले, आणि खुद्द स्पेनमध्ये हा चित्रपट लोकांना दिसला तो १९७७ साली.

पण माझ्या मनात घर करून बसला आहे तो त्यातला कुत्रा. गाडीखाली आसाला बांधलेला एक कुत्रा धापा टाकत पळतो आहे. मुलीच्या काकांच्या मुलाला दया येते. तो पैसे मोजून कुत्रा सोडवतो. तो पाठ वळवतो न वळवतो तोच समोरून दुसरी गाडी येते. तिच्याखाली दुसरा कुत्रा. त्या गृहस्थाला तो दिसत नाही. आपल्याला दिसतो.

काही समीक्षक म्हणतात की बुन्युएल इथे दयेची टिंगल करतो. मला हे मुळीच पटत नाही. पहिला कुत्रा सुटला, हे त्याने तितक्याच स्वच्छपणे दाखवले आहे. दिवाळीत घरकाम करणाऱ्या बाईंच्या हाती फराळाचा पुडा ठेवताना आपल्याला जे समाधान वाटते, तेही खोटे नसते. फक्त समाधानाच्या भरात आपण त्यांचा पगार किती वर्षांत वाढवला नाही हे आठवत नाही. बुन्युएल नेमका त्या क्षणी दुसरी गाडी आणतो.

त्याचे सगळेच मला रुचते असे नाही. १९३३ च्या 'लास उर्देस' या माहितीपटात डोंगरावरून बकरी घसरून पडल्याचे सांगितले आहे, आणि पडद्याच्या कडेला बंदुकीचा धूर दिसतो! गरिबी दाखवायला जनावर मारावे लागले, तर ज्याला आपण निर्दयतेची चीड म्हणतो ती कुठे गेली? मेक्सिकोत पोटासाठी काढलेले काही चित्रपट सुमार आहेत. १९६७ चा 'बेल द जूर' कसबी खरा, पण आजी-नातवंडांसह पाहण्याचा नव्हे. १९७४ च्या 'स्वातंत्र्याचे भूत'मधला जेवणाच्या टेबलाचा एक प्रसंग मी इथे सांगतही नाही, फराळाचे ताट हाताशी असेल. त्यातली हरवलेली मुलगी मात्र जरूर पाहा: आईबाप पोलिसांत तक्रार द्यायला जातात, मुलगी शेजारीच उभी, आणि पोलीस तिलाच पाहून तिचे वर्णन लिहून घेतात!

शेवटचा चित्रपट १९७७ चा. त्यात एकाच नायिकेचे काम दोन नट्या आलटून पालटून करतात, आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्या प्रौढ नायकाला ते कळतच नाही. १९८३ साली मेक्सिको शहरात बुन्युएल वारला.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी १९७२ पासून करावी आणि मागे मागे यावे. वस्तऱ्याचा चित्रपट सगळ्यांत शेवटी. जेमतेम पाव तासाचा तर आहे. आणि तो जेवणाआधी पाहावा, नंतर नको.