टेबलामागची आपली मुलगी

माझी भाची इस्लामपूरची. पुण्यात शिकते आणि गेल्या हिवाळ्यात विद्यार्थी-देवाणघेवाणीतून एका सत्रासाठी जर्मनीला गेली होती. बॅगेत भाजणी, मेतकूट, लोकरीचे कपडे आणि विद्यापीठाच्या ऑफिसने दिलेला माहितीपत्रकांचा गठ्ठा. ‘तिकडे एक दिवस परदेशी विद्यापीठांची टेबलं लागतात. आपलंही लाव आणि तिथल्या मुलांना आपल्याकडे यायला सांग,’ अशी सूचना होती. मानधन वगैरे काही नाही. आमची ताई म्हणाली, “शिकायला चाललीय की प्रचाराला?”

मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण भाचीने हिशेब समजावून सांगितला. अशा करारात मुलं फी आपापल्या विद्यापीठात भरतात आणि शिकतात समोरच्याकडे. म्हणजे फिटंफाट. पण आपल्याकडून मुलं जात राहिली आणि तिकडून कुणी आलंच नाही, तर एक दिवस ते विचारणारच, आमची बाजू कधी भरणार? मग आपल्या जागा कमी होतात. चाराच्या दोन. घरून वीस-पंचवीस लाख उभे करणं शक्य नसलेल्या मुलीला परदेशात शिकायचे जे थोडे रस्ते आहेत, त्यातला हा एक. तेव्हा भाची टेबल लावणार होती ते पुढच्या वर्षीच्या कुठल्यातरी मुलीच्या जागेसाठी.

सरकारलाही परदेशी विद्यार्थी हवेतच. ‘स्टडी इन इंडिया’ मोहीम एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. २०२३ पर्यंत २ लाख परदेशी विद्यार्थी आणायचे, असं ठरलं होतं. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत आकडा निघाला ४७ हजारांच्या आत, आणि त्यातले पाव भागाहून जास्त एकट्या नेपाळचे. उलट २०२२ या एका वर्षात आपल्याकडून सुमारे साडेसात लाख मुलं शिकायला बाहेर गेली. मधली काही वर्षं कोरोनाने खाल्ली, हे खरं. पण सगळा दोष त्याच्यावर ढकलता येणार नाही.

तसं परदेशात जाऊन आपल्या विद्यापीठाबद्दल सांगणं आपल्याला नवं नाही. १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे धोंडो केशव कर्वे १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, जगाच्या दौऱ्यावर निघाले आणि जागोजागी त्याविषयी बोलले. त्यांना तिथले विद्यार्थी नको होते, मदत हवी होती. पण बोलायला गेले ते स्वतः. आता ते काम एकवीस वर्षांच्या मुलीकडे आलंय, आणि तिच्या हातात काय, तर गुळगुळीत कागदावर छापलेला इमारतीचा फोटो.

तर टेबल लागलं. ताईची नारायणपेठ नेसून भाची उभी राहिली. फोटो काढून घ्यायला बरेच आले, विचारायला थोडे. तिकडे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी जवळजवळ नसतेच, त्यामुळे ‘आमच्याकडे स्वस्त आहे’ हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत बाद झालं. एकाने विचारलं, तुमच्याकडे आल्यावर पोलीस नोंदणीला किती खेपा घालाव्या लागतात? पत्रकात त्याविषयी अवाक्षर नव्हतं. मग एक जर्मन मुलगी आली. तिला भारतातल्या पाणीप्रश्नावर काम करायचं होतं. खूप वेळ बोलली आणि शेवटी विचारलं, “होस्टेलवर रात्री किती वाजेपर्यंत परतावं लागतं?”

भाचीने सांगितलं, परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलला वेळेचं बंधन नाही. हे खरंच होतं.

“तुझ्या होस्टेलला?”

“नऊ.”

“आणि मुलांच्या?”

इथे भाची अडखळली. मला फोनवर म्हणाली, “मावशी, खोटं सांगणं सोपं होतं गं. पण ती इथे आली असती आणि पहिल्याच आठवड्यात तिला कळलं असतं.” तिने खरं ते सांगितलं. मुलांना वेळ नाही.

मैत्रिणींनो, रात्री नऊनंतर मुलगी बाहेर म्हटलं की माझ्याही पोटात गोळा येतो. उगाच पुढारलेपणाचा आव आणत नाही. पण लैंगिक छळ रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेली २०१५ ची नियमावली सांगते, की सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. हे मे २०१६ मध्ये राजपत्रात छापून आलं. त्याच सुमाराला दिल्लीच्या मुली ‘पिंजरा तोड’ म्हणत याच वेळांविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. आणि आजही एकाच आवारात जर्मन मुलीला एक नियम, इस्लामपूरच्या मुलीला दुसरा.

आता आपलंच बघा ना. मुलीला पुण्या-कोल्हापूरला घालताना आपण पत्रक वाचून ठरवतो का? गल्लीतली कुणाची मुलगी तिथे आहे का, हे आधी शोधतो. मग तिच्या आईला गाठतो. मेसचं जेवण कसं, पाणी चोवीस तास असतं का, रेक्टरबाई कशा आहेत, सगळं खोदून विचारतो. ती म्हणाली ‘बरं आहे’, तर पाठवतो. तिकडच्या आयाही काही वेगळ्या नसणार. म्हणून टेबलामागच्या मुलीचा शब्द छापील कागदापेक्षा जड ठरतो, आणि म्हणूनच तिला काय-काय विचारलं गेलं, ते ऑफिसने आधी ऐकायला हवं.

भाचीने परत आल्यावर दोन पानं लिहून दिली. किती जण आले, काय विचारलं, कुठे उत्तर देता आलं नाही. नोंदणीची माहिती पत्रकात घाला, होस्टेलच्या वेळा सगळ्यांना सारख्या करा. चार दिवसांनी उत्तर आलं: छान काम. टेबलाचे फोटो पाठवा, वार्षिक अहवालात घालायचे आहेत.

ती जर्मन मुलगी जुलैत येतेय. पाणीप्रश्नासाठी येतेय, पत्रकामुळे नाही, असं भाची म्हणते. तिला आणायला स्टेशनवर जायचंय. मुंबईहून येणारी गाडी रात्री साडेनऊला पोचते, आणि उशिरा परतायचं तर पालकांचं सही केलेलं पत्र लागतं. ताईने ते कालच व्हॉट्सॲपवर पाठवलं.