नवऱ्याचा ओटीपी

नऊ वर्षांपूर्वी जो माणूस बायकोला आणि दोन पोरांना टाकून सुरतेला निघून गेला, त्याच्यापुढे हात पसरायची पाळी त्या बाईवर कोणी आणली? सासूनं नाही, जातपंचायतीनं नाही. महाराष्ट्र सरकारच्या महिला व बालविकास खात्यानं आणली.

२०२५च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत चार घरची धुणीभांडी करणारी ही बाई 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी करायला झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिचा स्वतःचा आधार नंबर घातला, तिच्या फोनवर आकडा आला, तोही घातला. पुढच्या पानावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला होता. वडील वारलेले. नवऱ्याचा नंबर पोराच्या शाळेच्या कागदांत सापडला, पण त्याचा ओटीपी वाजणार सुरतेत, त्याच्या खिशात. तिनं फोन लावला. तो म्हणाला, "पोटगीचा दावा मागं घे, मग सांगतो आकडा."

माझ्याकडे आली तेव्हा ती रडत नव्हती, हिशेब करत होती. दीड हजार दर महिन्याला हातात येणारे. पोटगी मिळेल तेव्हा मिळेल. "ताई, घेऊ का मागं?" माझी समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी त्या प्रश्नापुढे मुकी झाली.

१८ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयानं ही ई-केवायसी दोन महिन्यांत करणं सक्तीचं केलं. कारण सांगितलं गेलं पडताळणीचं. गैरफायदा घेणारे होते हे खरं. पुरुषांनीही अर्ज केल्याचं सरकारनंच २०२५ साली सांगितलं. पण नवऱ्याचं उत्पन्न तपासायचं तर ते बायकोच्या हातून कशासाठी? पगारपत्रकं, पेन्शनच्या याद्या, आयकराच्या नोंदी सरकारच्याच ताब्यात आहेत. त्याची माहिती हवी तर त्याला विचारा. बाईला त्याच्या दारात कशाला पाठवता?

ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि एक सवलत निघाली. नवरा किंवा वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर त्याचा कागद किंवा कोर्टाचा आदेश सादर करायचा. आता टाकलेल्या बाईनं यातला कोणता कागद आणायचा? नवरा जिवंत. घटस्फोट नाही. पोटगीच्या दाव्यात नुसत्या तारखा पडतायत, आदेश नाही. २०२४ साली योजना निघाली तेव्हा पात्र बायकांच्या यादीत 'परित्यक्ता' हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. वर्षभरानं संगणकाच्या पानावर तिच्यासाठी रकानाच उरला नाही. १९८८ साली संगमनेरला टाकलेल्या बायकांची परिषद झाली. त्या चळवळीतल्या बायका वेगळं रेशनकार्ड मागत होत्या, म्हणजे नवऱ्याशिवायही मी एक कुटुंब आहे हे मान्य करा, एवढंच. रेशनकार्डाच्या जागी आधार आलं, मागणी तिथंच आहे. आणि हेच सरकार २०२४च्या मार्चमध्ये कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं म्हणून पाठ थोपटून घेत होतं!

कायदा काय म्हणतो? सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातली बहुतेक बंधनं लागू व्हायला त्यानंतर आणखी दीड वर्षाची सवड दिली. या कायद्यातली संमती वाचावी तर हरखून जावं: ती मोकळी हवी, नेमकी हवी, समजून-उमजून दिलेली हवी, बिनशर्त हवी. आणि लगेच पुढच्या, सातव्या कलमात अनुदान आणि सरकारी लाभांसाठी सरकारला नव्यानं संमती न घेताही माहिती वापरायची वाट करून दिली आहे.

या व्यवहारात खरी मोकळी संमती एकाचीच होती, सुरतेतल्या नवऱ्याची. त्याला नाही म्हणता येत होतं, अट घालता येत होती, मोल मागता येत होतं. बाईनं नाही म्हटलं तर पैसे बंद. कायदा लिहिणाऱ्यांना डोळ्यांपुढे एकटा माणूस दिसतो, स्वतःचा फोन स्वतःच्या खिशात असलेला. आमच्याकडे कितीतरी घरांत फोन एकच आहे, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, आणि बाईच्या आधारलाही त्याचाच नंबर जोडलेला असतो. तिचा ओटीपीसुद्धा तिला मागून घ्यावा लागतो.

त्या झेरॉक्सच्या दुकानाचंही बघा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक यांचे फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, तो छापून देतो. नंतर ते फोटो पुसतो का? मी विचारलं तर तो हसला. "मॅडम, कोण पुसत बसतं?" वाईट माणूस नाही तो. पण उद्या त्यातून काही फुटलं तर? नव्या कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, तो सरकारी तिजोरीत जातो. जिचं नुकसान झालं तिला त्यातला छदाम नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात पुढे दुरुस्तीनं ४३-अ हे भरपाईचं कलम आलं होतं, तेही काढून टाकायची तरतूद या कायद्यात आहे. उलट खोटी किंवा फालतू तक्रार केली असं ठरलं, तर तक्रार करणाऱ्या बाईलाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आता कोण जाईल तक्रार करायला?

आमचं मागणं फार मोठं नाही. टाकलेल्या बाईचं स्वतःचं लेखी निवेदन माना. ती एकटी राहते हे अंगणवाडीच्या ताईला, शेजारणींना, ग्रामपंचायतीला ठाऊक असतं, त्यांना विचारा. नवऱ्याचा फोन मधून काढा.

तिनं दावा मागं घेतला नाही. डिसेंबरात आम्ही दोघी अंगणवाडीत गेलो. पोटगीच्या अर्जाची नक्कल आणि तिच्या अंगठ्याचं निवेदन दिलं. अंगणवाडीच्या ताईनं कागद उलटसुलट पाहिले. "यादीत हे बसत नाही हो. पण ठेवून घेते." तिला छापील पोच देता येईना, म्हणून माझ्या वहीच्या पानावर तारीख घालून तिची सही घेतली.