ऐंशीतल्या एकोणऐंशींचे काय?

दहावीचा निकाल लागला की अंधेरी स्थानकाच्या दोन्ही बाजूंना खासगी शिकवणी वर्गांचे फलक झळकू लागतात. गेल्या वर्षीच्या यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे, त्यांचे गुणानुक्रमांक आणि खाली ठळक अक्षरांत नव्या तुकडीची तारीख. ते फलक वाचणाऱ्या पालकाच्या मनात एकच प्रश्न असतो : आमच्या मुलाला पवईच्या आयआयटीत प्रवेश मिळण्याची शक्यता किती? मरोळहून पवई अवघ्या काही किलोमीटरवर आहे. १९५८ साली स्थापन झालेली ती संस्था अंधेरीकरांच्या दारातच आहे म्हणाना! परंतु दारातल्या या संस्थेचे दार आपल्या मुलासाठी उघडेल काय, याचे प्रामाणिक उत्तर त्या फलकांवर कधीच लिहिलेले नसते.

म्हणून आधी आकडे पाहू. २०२४ साली जेईई मेन परीक्षेला सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थी बसले. त्यांतील अडीच लाखांना जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे दार खुले होते. प्रत्यक्षात ती परीक्षा दिली सुमारे १ लाख ८० हजार जणांनी आणि उत्तीर्ण झाले ४८,२४८. देशातील २३ आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या सुमारे १७,७००. म्हणजे पहिल्या पायरीवर उभ्या राहिलेल्या ऐंशी मुलांमागे जागा एक! या सर्वांचे लक्ष्य आयआयटीच असते असे नव्हे. तरीही प्रमाण पुरेसे बोलके आहे. त्यातही पवईची संगणक शाखा हवी असेल, तर तेथील खुल्या जागा देशातील पहिल्या सत्तरेक क्रमांकांतच संपतात.

आकड्यांचा विषय निघाला की मध्यमवर्गीय दिवाणखान्यातील चर्चा हमखास आरक्षणाकडे वळते. आपल्या मुलाची जागा दुसऱ्या कोणी घेतली, असे बोलले जाते आणि तेही मुलाच्या देखत. येथे थोडे थांबून हिशेब केला पाहिजे. आर्थिक दुर्बलांसाठी २०१९ पासून लागू झालेले दहा टक्के धरून आज केंद्रीय संस्थांत ५९.५ टक्के जागा राखीव आहेत. उद्या त्या सर्वच्या सर्व खुल्या केल्या, तरी एकूण जागा तेवढ्याच राहतील. ऐंशीतले एकोणऐंशी तेव्हाही बाहेरच असतील. मग दोष कोणाला देणार? शिवाय पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात पाटी आली नाही, त्या आपल्याच समाजबांधवाच्या मुलाने ती पायरी चढली, तर त्याचा अभिमान वाटायचा की विषाद? समरसतेची भाषा व्यासपीठावर बोलायची आणि दिवाणखान्यात विसरायची, हे आपल्याला शोभणारे नाही. अशा चर्चेने समाजाची वीण तेवढी उसवते, जागा मात्र एकही वाढत नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. एका जागेच्या आशेने ऐंशी घरे काय पणाला लावतात? अकरावी-बारावीची दोन वर्षे, लाखांच्या घरातले शुल्क आणि मुलाचे सोळावे-सतरावे वर्ष. 'इंटिग्रेटेड' नावाच्या व्यवस्थेत मुलाचे नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवणी वर्गात. प्रयोगशाळा ओस, ग्रंथालय ओस, मैदान ओस. ज्या वयात वाचन, व्यायाम, मैत्री आणि समाजाची ओळख व्हायची, त्या वयात मूल बहुपर्यायी प्रश्नांच्या घाण्याला जुंपले जाते. राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे दिली. तरीही ही व्यवस्था फोफावते आहे, कारण तिचे खरे गिऱ्हाईक आपणच आहोत.

धोरणानेही या वृत्तीला खतपाणी घातले, हे मान्य केले पाहिजे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणानुक्रमात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते. २०१७ पासून ते काढून टाकण्यात आले. महाविद्यालयात शिकलेल्याला मोल नाही, असा संदेश खुद्द व्यवस्थेनेच दिला, तर वर्ग रिकामे का पडले याचे आश्चर्य कसले? वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करणे अवघड आहे, हा आक्षेप खरा आहे. अकरावीच्या प्रवेशासाठी महाराष्ट्राने २००८ साली पर्सेंटाइलचे आणि २००९ साली ९०:१० चे सूत्र आणले. दोन्ही उच्च न्यायालयात टिकली नाहीत. परंतु वाट अवघड आहे म्हणून ती सोडून देणे हा उपाय नव्हे. बारावीच्या अध्ययनाला प्रवेशात पुन्हा न्याय्य स्थान मिळावे, ही मागणी पालकांनी आणि शिक्षकांनी एकत्र येऊन केली पाहिजे.

याहून मोठा अन्याय आहे तो भाषेचा. २०२१ पासून जेईई मेन मराठीसह तेरा भाषांत देता येते. निर्णय स्वागतार्ह आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील मातृभाषेच्या आग्रहाशी सुसंगतही. पण पुढची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड? ती केवळ इंग्रजी आणि हिंदीत! म्हणजे अंधेरीच्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाने पहिला उंबरठा आपल्या भाषेत ओलांडायचा आणि दुसऱ्यावर परभाषेत अडखळायचे. त्यात आपल्या महानगरातील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शिकवले जाते ते इंग्रजीतून. या मुलाची बुद्धी कमी पडत नाही. त्याच्याकडून दोन परीक्षा एकदम घेतल्या जातात, एक विज्ञानाची आणि दुसरी मेकॉलेच्या वारशाची. राष्ट्रीय संस्थांची अंतिम परीक्षा सर्व राष्ट्रीय भाषांत व्हावी, यासाठी महाराष्ट्राच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत आवाज उठवला पाहिजे.

शासनाने करायचे ते शासन करील; आपण काय करणार? अंधेरी पूर्वेला सीप्झसारखे उद्योगक्षेत्र १९७३ पासून उभे आहे. या परिसरात अभियंत्यांची वाण नाही आणि निवृत्त शिक्षकांचीही नाही. त्यांतील प्रत्येकाने आठवड्यातून दोन तास जवळच्या सेवावस्तीतील अभ्यासिकेला दिले, तर ज्यांना लाखांचे शुल्क परवडत नाही त्या मुलांच्या हातात निदान गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया पडेल. त्यांतील एखादा पवईला पोहोचेल, उरलेले जिथे जातील तिथे ताठ मानेने उभे राहतील.

आणि घरात? प्रयत्नांची पराकाष्ठा अवश्य करावी. उत्तमाची आकांक्षा हा दोष नव्हे. देशाला उत्तम अभियंते आणि वैज्ञानिक हवेतच. परंतु मुलापुढे एकच दार ठेवू नये. अंधेरी पश्चिमेच्या मुन्शीनगरात कन्हैयालाल मुन्शींच्या भारतीय विद्या भवनाचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय १९६२ पासून आहे. माटुंग्याची व्हीजेटीआय १८८७ ची, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ चे. आयआयटी जन्माला येण्यापूर्वीही या देशात धरणे आणि पूल बांधले गेले, कारखाने उभे राहिले. ते उभारणारे अशाच संस्थांतून घडले होते. शुद्ध विज्ञान, शेती, सेनादले आणि अध्यापन या क्षेत्रांनाही बुद्धिमान तरुण हवेच आहेत.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अकरावीच्या वर्गात पाठवताना त्याच्या आईवडिलांनी त्याला शेजारी बसवून हे सारे आकडे दाखवावेत. जागा एक आहे, स्पर्धक ऐंशी आहेत, तू झटून अभ्यास कर. आणि ती जागा नाही मिळाली तरी या घराला आणि या देशाला तू तितकाच हवा आहेस, एवढे त्याला निकालापूर्वी सांगावे. निकालानंतर सांगितलेले ते वाक्य नुसते सांत्वन ठरते.