पेट्रोलची वाफ आणि काळी डबी



पेट्रोलचा डबा उघडा राहिला तर तो आपोआप रिता होतो, हे आपणांस ठाऊक आहे. गाडीच्या टाकीतही तेच चालते. वैशाखाच्या उन्हात गाडी उभी राहिली की टाकीतले पेट्रोल तापते आणि त्याची वाफ होते. जुन्या काळच्या गाड्यांतून ही वाफ सरळ हवेत जाई. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७० सालच्या मॉडेलपासून ती अडविण्याची सक्ती केली. आज आपल्याकडील पेट्रोल गाड्यांनाही ही सोय असते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर आलेल्या पेट्रोल मोटारसायकलींनाही अशी लहान डबी असते. डिझेलची वाफ फारशी होत नाही, म्हणून ट्रॅक्टर व डिझेल जीपवाल्यांना ही चिंता नाही.

ही सोय चालते कशी? टाकीतून एक नळी प्लास्टिकच्या काळ्या डबीत जाते. तिला मेकॅनिक कॅनिस्टर म्हणतात. डबीत कोळशाचे दाणे असतात. पण हा चुलीतला कोळसा नव्हे. हा खास प्रक्रिया केलेला, बारीक छिद्रांनी भरलेला कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधील सर्व छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर जागा हजार चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरेल! वाफ या छिद्रांत चिकटून बसते. पुढे गाडी चालू होऊन इंजिन तापले की पर्ज व्हॉल्व्ह नावाची विजेवरची छोटी झडप उघडते. मग बाहेरची हवा डबीतून ओढली जाते आणि साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. आपण पैसे मोजून घेतलेले पेट्रोल अशा रीतीने कामी येते.

हे बिघडले तर नुकसान केवळ पैशाचे नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते. गाडी पडवीत किंवा गोठ्याच्या बाजूला उभी असते आणि भिंतीपलीकडे चूल पेटते. मध्ये दार उघडे असले तर काय होऊ शकते, हे सांगायला नको. म्हणून सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर ‘येतोच वास’ म्हणून सोडू नये. आधी गाडी ढकलून उघड्यावर न्यावी आणि मगच कारण शोधावे.

तपासणी इंजिन थंड असताना, दिवसाउजेडी, मोकळ्या जागी करावी. किल्ली काढून ठेवावी. विडी, काडी, कंदील जवळ नको.

पहिले, टाकीचे झाकण. आतील रबरी कडी तडकली, चपटली किंवा कडक झाली आहे का ते पाहावे. झाकण लावताना ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवावे. हरवलेल्या झाकणाच्या जागी फडका कोंबू नये किंवा कोणतेही झाकण बसवू नये; त्याच गाडीचे घ्यावे. उन्हातून आल्यावर झाकण उघडताना थोडा ‘सुस्’ आवाज आला तर घाबरण्याचे कारण नाही.

दुसरे, नळ्या. टाकीपासून डबीपर्यंत आणि डबीपासून इंजिनापर्यंत नजर व हात फिरवावा. धान्याच्या कोठाराजवळ उभ्या गाडीच्या नळ्या उंदीर कुरतडतात. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. जुन्या गाड्यांतील काही रबर त्याला टिकत नाही. ते फुगते किंवा तडकते. अशी नळी बदलावी. नवी नळी इंधनासाठीचीच घ्यावी. पाण्याची चालत नाही.

तिसरे, डबी. काही गाड्यांत ती बोनेटखाली, तर काहींत मागील चाकाजवळ असते. तिला तडा आहे का पाहावे. तिची हवेची नळी उघडी असावी. त्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते, धूळही बसते. डबीतून पेट्रोल ठिबकत असेल किंवा नळीत काळे दाणे दिसत असतील, तर डबी निकामी झाली असे समजावे. ती पाण्याने धुऊ नये, आगीजवळ वाळवू नये, आणि पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची हवा मारू नये. त्या जोराने आतले दाणे आणि झडपा बिघडतात.

चौथे, पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना बहुतेक गाड्यांत तो मिटलेला असतो. तो उघडा अडकला तर पेट्रोल भरल्यानंतर गाडी लवकर सुरू होत नाही, उभ्या गाडीत इंजिन अडखळते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. ही तपासणी मेकॅनिककडून करवून घ्यावी. नळीला तोंड लावून ओढण्याचा प्रकार मुळीच करू नये. वाफ छातीत जाते.

आता सर्वांत महत्त्वाचे. डबी खराब होण्याचे एक मोठे कारण आपल्याच हातात आहे. पंपावर नोझल ‘टक्’ करून आपोआप थांबते. तरीही आपण म्हणतो, “राउंड फिगर करून टाका.” टाकीच्या वरच्या भागात वाफेसाठी मुद्दाम रिकामी जागा ठेवलेली असते. वरून ओतलेले पेट्रोल ती जागा भरून नळीवाटे डबीत शिरते आणि कोळसा ओला होतो. ओला कोळसा वाफ धरीत नाही. मग पाच-दहा रुपयांच्या राउंड फिगरसाठी नवी डबी विकत घ्यावी लागते.

काही ठिकाणी सल्ला मिळतो, “डबी काढून नळी बंद करा, काही होत नाही.” तो ऐकू नये. टाकीला श्वास घ्यायची वाटच त्या नळीतून असते. ती बुजली तर उन्हात टाकीत दाब वाढतो, किंवा पेट्रोल कमी होत जाताना हवा आत न आल्याने गाडी रस्त्यातच बंद पडते. नळी उघडी सोडली तर वाफ पुन्हा तुमच्या पडवीत.

तेव्हा दर सर्व्हिसिंगच्या वेळी झाकण, नळ्या, डबी आणि झडप ही चार नावे मेकॅनिकला सांगावीत. घरातील जो कोणी पेट्रोल भरायला जातो, त्याला एकच सांगावे: नोझल थांबले की आपणही थांबावे.